काज आणि बटण

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• बटण व काज यांच्या इतिहासातील टप्पे क्रमाने सांगता येतील;
• परभाषांतून मराठीत आलेले शब्द ओळखता येतील;
• तयार कपड्यामागील श्रमांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

प्रास्ताविक
सदऱ्याचे बटण तुटले म्हणजेच आपल्याला त्याची आठवण होते. एरवी या लहानशा वस्तूकडे आपले लक्षही जात नाही. परंतु तिच्यामागे मोठा इतिहास आहे आणि असंख्य माणसांचे कष्टही आहेत. त्यांचा परिचय या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ
मोहेंजोदडो येथील उत्खननात शिंपल्यांपासून घडवलेली बटणे सापडली आहेत. ती चार हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत. दोरा ओवण्यासाठी त्यांना छिद्रेही आहेत. मात्र ती प्रामुख्याने शोभेसाठी वापरली जात असावीत, असे मानले जाते. कापडाला चीर देऊन तिच्या कडा शिवून घ्यायच्या आणि त्या काजात बटण अडकवायचे, ही पद्धत युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. तिच्यामुळे अंगाबरोबर बसणारे कपडे शिवणे सोपे झाले. कारण असा कपडा अंगात घालताना उघडावा लागतो आणि घातल्यावर पक्का मिटावा लागतो.

आपल्याकडे ही गरज वेगळ्या रीतीने भागत असे. धोतर, लुगडे, उपरणे ही न शिवलेली वस्त्रे निऱ्यांनी, काष्ट्याने किंवा गाठीने सावरली जात. शिवलेल्या अंगरख्याला कापडाचे बंद असत. असे बारा बंद असलेला पोशाख म्हणजे बाराबंदी. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत ती आजही दिसते. तान्ह्या बाळाच्या अंगड्यालाही आपण बंदच लावतो, कारण ते त्याच्या कोवळ्या अंगाला टोचत नाहीत.

1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला. त्यांच्या संपर्कातून अनेक शब्द आपल्याकडे आले. पोर्तुगीज भाषेत ‘कासा’ म्हणजे घर. बटणाच्या छिद्रालाही तोच शब्द आहे. त्यावरून आपला ‘काज’ हा शब्द आला. काज म्हणजे जणू बटणाचे घर! कोकणीतील ‘बुतांव’ हा शब्दही पोर्तुगीजच. ‘बटण’ हा शब्द मात्र इंग्रजीतून आला. ‘गुंडी’ हा जुना शब्दही मराठीत टिकून आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे शहर धातूच्या बटणांसाठी प्रसिद्ध झाले. शिंपले, हाडे, शिंगे, लाकूड, नारळाची करवंटी यांपासूनही बटणे होत. विसाव्या शतकात प्लॅस्टिक आले आणि बटण अत्यंत स्वस्त झाले.

आता बेंगळुरूकडे वळू. 1638 मध्ये हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले व पुढे शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी समाजांतील कुटुंबे या शहरात आहेत. शिवणकाम आणि कापड रंगवणे हे या समाजांचे परंपरागत व्यवसाय होत. शिंप्याच्या दुकानात एकच माणूस माप घेई, कापड बेतून शिवी आणि शेवटी काज-बटण करी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरात तयार कपड्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांत ते पाहावयास मिळतात. तेथे एका सदऱ्याचे काम अनेकांत वाटलेले असते. कोणी कॉलर शिवते, कोणी बाही जोडते, तर कोणी दिवसभर केवळ बटणेच लावते. यंत्राच्या चिमट्यात बटण धरले जाते आणि सुई त्याच्या छिद्रांतून वरखाली होत काही क्षणांत टाके घालते. लहान मुलांच्या कपड्यांवरील बटणे ठरावीक जोराने ओढून तपासतात, कारण सुटलेले बटण मूल गिळू शकते.

या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. 2016 मध्ये केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला. निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या 58व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. अनेक स्त्रियांना त्या वयाच्या कितीतरी आधीच काम सोडावे लागते. आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठी हीच त्यांची शिल्लक होती. 18 आणि 19 एप्रिल रोजी हजारो स्त्रिया काम थांबवून बेंगळुरूच्या रस्त्यांवर उतरल्या. आंदोलनाला काही ठिकाणी हिंसक वळणही लागले. 19 एप्रिललाच सरकारने तो बदल मागे घेतला. या निर्णयाचा लाभ देशभरातील कामगारांना झाला.

सदरा घालताना आपण बटण काजात सहज अडकवतो. ते तेथे घट्ट बसवणारा हात आपल्याला दिसत नाही. तो हात कुशल आहे आणि आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशेबही तो जाणतो. कदाचित तो तुमच्याच घरातील कोणाचा असेल.

शब्दार्थ
बंद – कपडा बांधण्याची कापडी पट्टी किंवा नाडी
बेतणे – मापाप्रमाणे कापड कापणे
जहागीर – सेवेबद्दल उत्पन्नासाठी दिलेला प्रदेश
भविष्य निर्वाह निधी – कामगार व मालक दोघांच्या वाट्यातून साठणारी बचत

स्वाध्याय
1. काजामुळे कपडे शिवण्याच्या पद्धतीत कोणता बदल झाला?
2. ‘काज म्हणजे जणू बटणाचे घर’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
3. शिंप्याचे दुकान व कपड्यांचा कारखाना यांतील कामाची तुलना करा.
4. निधीच्या नव्या नियमामुळे कामगार स्त्रियांची कोणती अडचण होणार होती?
5. तुमच्या परिसरातील शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीशी बोला आणि तिच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.