स्वस्त तंबाखू घेताना: भाव, वजन आणि पाकिटावरचा मजकूर

तंबाखूचा भाव पानाच्या प्रतीवर ठरतो, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं. खरं तर तो आधी करावर ठरतो. जीएसटी आला तेव्हा बिडीवर 28 टक्के कर बसला, उपकर बसला नाही. पाइपच्या आणि हाताने वळायच्या मिश्रणावर मात्र तेवढाच कर आणि वर 290 टक्के उपकर आला. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने बिडीचा दर 18 टक्क्यांवर आणायचं आणि इतर तंबाखूचा 40 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. त्याच डिसेंबरात संसदेने अशा मिश्रणावरच्या अबकारी कराचा कायद्यातला दर 60 वरून 325 टक्के केला. साधी बिडी आणि कॉलेजच्या पोराच्या खिशातली वळायची पुडी यांच्या भावातल्या दरीचं मोठं कारण हे आहे.

बाहेरही हेच दिसतं. अमेरिकेत एप्रिल 2009 पासून वळायच्या तंबाखूवर पौंडामागे 24.78 डॉलर कर झाला आणि पाइपच्या तंबाखूवर 2.83 डॉलर. थोड्याच दिवसांत वळायची तंबाखू मोठमोठ्या पिशव्यांतून ‘पाइप तंबाखू’ म्हणून विकली जाऊ लागली. तेव्हा स्वस्त म्हणजे हलका माल आणि महाग म्हणजे उत्तम पान, हा हिशोब इथे लागू होत नाही.

बिडी स्वस्त असण्याचं दुसरं कारण मजुरीत आहे. सिन्नर हे बिडीचं जुनं गाव. भिकुसा यमासा क्षत्रिय ही तिथली नावाजलेली पेढी. निपाणी आणि गुजरातच्या चरोतर भागातली तंबाखू, विदर्भाच्या जंगलातलं तेंदूपान आणि सूत, एवढ्यावर हा धंदा चालतो. बिडी वळणारी बाई पान भिजवते, पत्र्याच्या मापाने कातरते, चिमूटभर तंबाखू पसरून वळते, सूत बांधते आणि तोंड दुमडून बंद करते. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. कामगारांसाठी 1966 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तरी बंडलाची किंमत कमी ठेवण्याचा भार सर्वांत जास्त याच हातांवर पडतो. स्वस्त बंडल घेणाऱ्याने एवढं तरी ठाऊक ठेवावं.

आता खर्च. नगावर जाऊ नका, ग्रॅमवर या. एका बिडीत साधारण 0.2 ग्रॅम तंबाखू असते, म्हणजे 25 च्या बंडलात जेमतेम 5 ग्रॅम. बंडल 30 रुपयांचं धरलं, तर ग्रॅमला 6 रुपये पडले. वळायची 30 ग्रॅमची पुडी 600 रुपयांची धरा: ग्रॅमला 20 रुपये. सवयीचा हात एका सिगारेटला 0.6 ग्रॅम घेतो, म्हणजे 12 रुपये. कागद आणि फिल्टर धरून 14 ते 15. हात जरा सैल असला आणि 0.8 ग्रॅम गेली, की तीच सिगारेट 18 रुपयांच्या पुढे जाते. तेवढ्यात तयार सिगारेट मिळत असेल, तर वळलेली स्वस्त, हा दावा तिथेच संपतो. पाइपच्या एका भरणीला सुमारे 2 ग्रॅम लागतात, म्हणजे 50 ग्रॅमच्या डब्यात 25 भरण्या. पाइप आणि तो साफ करायच्या काड्या वेगळ्या. हे भाव हिशोबापुरते धरलेले आहेत, आपल्या टपरीवरचा आकडा घालून पाहा. रोज 30 रुपयांचं एक बंडल म्हणजे वर्षाला 10,950 रुपये.

वजनात ओलावा मोजला जातो, हे लक्षात असू द्या. पुडी उघडल्यावर चिमूट दाबा. गोळा होऊन तसाच राहिला, तर ओल जास्त आहे, तुम्ही पाण्याचे पैसे दिलेत आणि बुरशीचा धोकाही घेतलात. दाबताच भुगा झाला, तर माल सुकलेला आहे. तो भराभर, तापून जळतो आणि जीभ पोळते. बरा माल दाबल्यावर हळूहळू सुटतो. पांढऱ्या कागदावर थोडी पसरून पाहा: काड्या किती, धूळ किती. व्हॅनिला किंवा चेरीचा वास डब्याबाहेर घमघमत असेल, तर तो पानाचा नव्हे, लावलेल्या अर्काचा असतो. साधं पान झाकायला तो सोयीचा पडतो. बिडी घेताना बंडलातली एक उलगडा. पान फाटकं, भरण अर्धवट, सूत सैल असेल, तर ती सारखी विझेल.

या परीक्षेतून चव आणि पैशांचा मोबदला कळतो, सुरक्षितता नाही. उत्तम पानाच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतंच. बिडी लहान म्हणून सौम्य, हे तर साफ चूक आहे: तेंदूपानातून हवा शिरत नाही, ती पेटती ठेवायला जोराने आणि वारंवार ओढावी लागते, आणि एवढ्याशा बिडीतून सिगारेटपेक्षा जास्त निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड शरीरात जातं. हाताने वळलेली ‘नैसर्गिक’ असते, या बोलण्यालाही आधार नाही.

घेताना पाकीट उलटसुलट करून बघाच. दोन्ही बाजूंना 85 टक्के जागेवर चित्रासह इशारा हवा. उत्पादकाचं, किंवा माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत हवी. परदेशी पुडीवर यातलं काहीच नसेल आणि भाव मोहात पाडणारा असेल, तर माल कर चुकवून आलेला असण्याची शक्यता दाट आहे. तो बनावट निघाला, तर दाद कोणाकडे मागणार? सुटी बिडी-सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. सुट्या नगावर ना इशारा, ना तारीख. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर पावती मागा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अठरा वर्षांखालच्यांना विक्री हा गुन्हाच आहे.

पाकिटावर आणखी एक नंबर छापलेला असतो: 1800-11-2356. तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन देणारी ही सरकारी सेवा मोफत आहे. फोन करण्यापूर्वी दिवसाला किती नग आणि सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला, हे दोन आकडे लिहून ठेवा. सवय किती पक्की आहे, याचा अंदाज त्यावरूनच येतो आणि पुढचा सल्लाही त्यावर बेतता येतो.