गाड्यावर नाव, नावेवर गाडा

‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. दिवस पालटले म्हणजे एकमेकांवरचे अवलंबनही पालटते, असा तिचा आशय. कयाक घेऊन दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला मात्र ही म्हण अक्षरशः अनुभवावी लागते.

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली, अरुंद नाव. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी घडवली. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिवलेली ही नाव एकटा शिकारी उचलून नेऊ शकत असे. आजची समुद्री कयाक बहुधा प्लास्टिकची किंवा फायबरग्लासची असते. तिची लांबी सुमारे ५ मीटर आणि वजन २५ किलोंच्या आसपास असते. तीत तंबू, शिधा आणि अंथरूण-पांघरूण भरले की वजन दुप्पट होते. मग पाणी संपते तेथे खरी कसोटी सुरू होते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाउरॉन लेक नावाचे उद्यान आहे. तेथील सरोवरे व नद्या मिळून सुमारे ११६ किलोमीटरांचे एक वर्तुळ तयार होते. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना मध्ये जमीन लागते. पहिलाच खुष्कीचा टप्पा २.४ किलोमीटरांचा आहे. म्हणजे वल्हे पाण्याला लागण्याआधीच नाव ओढावी लागते. अशा टप्प्याला ‘पोर्टेज’ म्हणतात. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. पूर्वी कॅनडात कातड्यांचा व्यापार करणारे नावाडी सुमारे ४१ किलोंचा एक, असे दोन गठ्ठे कपाळावरच्या पट्ट्याच्या आधाराने पाठीवर नेत. हिमालयातील भारवाहकांची रीत हीच आहे. आता हे काम दोन चाकांचा हलका गाडा करतो.

गाड्याची रचना साधी असते: ॲल्युमिनियमची चौकट, नावेच्या बुडाला टेकणाऱ्या दोन मऊ गाद्या, दोन चाके आणि आवळण्याचे पट्टे. कौशल्य आहे ते गाडा नावेखाली कोठे बसवावा, यात. समजा, नाव व सामान मिळून ५३ किलो भार आहे आणि गुरुत्वमध्य पुढच्या टोकापासून २५० सेंटिमीटरांवर आहे. गाडा अगदी मागच्या टोकाशी लावला, तर पुढचे टोक धरणाऱ्याच्या हातावर निम्मा, म्हणजे २६.५ किलो भार येतो. तोच गाडा गुरुत्वमध्याच्या केवळ २० सेंटिमीटर मागे लावला, तर हातावर ४ किलोंहूनही किंचित कमी भार उरतो. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे तरफेचे गणित न शिकताच ठाऊक असते. पुढे फार भार झाला तर गाडी धुरजड होते, मागे झाला तर उलाळ. कयाकही उलाळ झाली की तिचे शेपूट जमिनीवर घासते.

पट्टे सैल राहिले तर खडकाला अडून गाडा मागे सरकतो आणि नाव आपटते. म्हणून एक पट्टा गाड्यापासून पुढे, बसण्याच्या जागेपर्यंत ताणून बांधतात. वाळूत रुंद, फुगीर चाके हवीत. अरुंद चाके रुततात. खाऱ्या पाण्याने धातूचे भाग गंजतात, तेव्हा समुद्रावरून परतल्यावर गाडा गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे असते. चाक अडकवणारी खीळ हरवणे हा तर फारच क्षुल्लक अपघात. पण रानात त्यापायी सारा प्रवास खोळंबतो!

गाड्यामुळे माणसाची पाठ वाचली, तरी वाटेला त्याची किंमत मोजावी लागते. जड चाकांनी ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते आणि पुढच्या प्रवाशाला चिखल तुडवावा लागतो. म्हणून बाउरॉन येथे गाड्यावरील नावेत सुमारे २८ किलोंपर्यंतच सामान ठेवू देतात. निघण्यापूर्वी ते तोलले जाते. उरलेले पाठीवर घ्यावे लागते. हा नियम जाचक वाटला तरी न्याय्य आहे, कारण वाट एकट्याची नसते.

टप्पा संपला की चाके काढून, चौकट मिटून गाडा नावेत ठेवतात. पुढच्या किनाऱ्यापर्यंत आता गाडाच प्रवासी असतो.

पाठगत प्रश्न
१. वरील उदाहरणात गाडा गुरुत्वमध्याच्या ५० सेंटिमीटर मागे बसवला, तर हातावर किती भार येईल?
२. तुमच्या परिसरात ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’ या स्थितींसाठी कोणते शब्द वापरतात?