कराचा कागद कोणी भरावा?

२०२५ सालचा श्रावण. पोळा चार दिवसांवर आला होता. रात्री वर्ग सुटला, तरी तात्या उठेनात. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि गुरुजींपुढे ठेवला.

"गुरुजी, हा बँकेचा कागद. मी स्वतः वाचला. 'कर कपात ७,००० रुपये' असं लिहिलंय. शेतकऱ्याला आयकर नाही म्हणतात. मग माझे सात हजार कुणी कापले?"

गुरुजींना बरे वाटले. दोन वर्षांपूर्वी हेच तात्या अंगठा उठवीत होते. ते म्हणाले, "तात्या, प्रश्न अगदी बरोबर आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण तुम्ही बँकेत १० लाख रुपये ठेवले आहेत. त्यांचं वर्षाचं व्याज आलं ७०,००० रुपये. व्याज म्हणजे शेती नव्हे. म्हणून बँकेने त्यातून शेकडा दहा कापले."

त्या वर्षी नियम असा होता. साठीच्या आतील माणसाला बँकेत ४०,००० रुपयांवर व्याज मिळाले, की बँक कर कापी. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली. साठी पूर्ण झालेल्यांना ती १ लाख झाली.

"पण माझी कमाई एवढी थोडीच आहे?" तात्या म्हणाले.

"नाहीच. पण ते बँकेला काय ठाऊक? तुमची एकूण कमाई बँक जाणत नाही. ती नियमाने कापते आणि सरकारात भरते. तुमच्यावर कर बसत नसेल, तर पैसे परत मिळतात. पण मागावे लागतात. त्यासाठी विवरणपत्र भरायचं. लोक त्याला रिटर्न म्हणतात. वर्षात काय मिळवलं, किती कर कापला गेला, हे सगळं त्यात लिहायचं."

"ते भरायचं कोणी?"

खरा प्रश्न तोच होता.

तीन वाटा

पहिली वाट तालुक्यातील एका माणसाची. बाजारच्या दिवशी तो तात्यांना म्हणाला होता, "कागद द्या, मोबाइलवर येणारा आकडा सांगा. सातच काय, जास्त परत आणून देतो. जे येईल त्यातला दहावा हिस्सा माझा."

दुसरी वाट धाकट्या मुलाने सांगितली. तो कंपनीत कामाला. त्याला फक्त पगार. आपले रिटर्न त्याने स्वतःच फोनवर भरले होते. आयकर खात्याचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. तिथे भरायला पैसे पडत नाहीत. बरीचशी माहिती आधीच भरलेली असते. त्याने कंपनीचा दाखला शेजारी धरला, आकडे ताडून पाहिले आणि तासाभरात काम संपवले. काही खाजगी कंपन्यांचीही अशी सोय असते. त्यांतल्या काही पैसे घेतात.

तिसरी वाट सनदी लेखापालाची. लोक त्यांना सीए म्हणतात. त्यांची परीक्षा असते, सनद असते. त्यांची संस्था १९४९ सालच्या कायद्याने स्थापन झाली. प्रत्येकाला सभासद क्रमांक असतो. तो आपण विचारू शकतो. पण ते मेहनताना घेतात.

तात्या म्हणाले, "मग पोरगाच भरील. घरचा माणूस, फुकटचं काम."

पाच हजारांची ओळ

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बापलेक बसले. मुलाने 'सहज' नावाचा फॉर्म उघडला. तोच त्याने स्वतःसाठी भरला होता. नाव आले, बँक आली, व्याज आले. मग शेतीच्या उत्पन्नाची ओळ आली.

मुलगा थांबला. म्हणाला, "तात्या, इथे ५,००० च्या वर चालत नाही. पाचच हजार लिहू का? नाहीतरी शेतीला कर नाही. कोण बघतंय?"

तात्यांनी फोन हातात घेतला. एकेक अक्षर लावीत ती ओळ वाचली. मग म्हणाले, "खर्च वजा जाता मला एक लाख ऐंशी हजार मिळाले. पाच हजार कसे लिहू? खाली माझं नाव आहे ना? उभ्या जन्मात पहिल्यांदा नाव लिहायला शिकलो, ते खोट्याखाली लिहू होय?"

मुलगा गप्प बसला. त्याची नियत वाईट नव्हती. फॉर्म चुकीचा होता. 'सहज' हा साध्या कमाईसाठी आहे. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर दुसरा फॉर्म लागतो. यंत्र भराभर बेरीज करते. पण चुकीच्या खान्यात घातलेला आकडा खरा की खोटा, हे यंत्राला कळत नाही.

बाजारातल्या माणसाचे काय?

तात्यांनी गुरुजींना विचारले, "तो जास्त परत आणतो म्हणाला. ते कसं?"

गुरुजी म्हणाले, "खोटं लिहून. न दिलेली देणगी दिली म्हणायचं, न भरलेला विमा भरला म्हणायचं. गेल्याच महिन्यात, १४ जुलैला, आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. अशी खोटी रिटर्न भरून देणाऱ्यांवरच ती होती."

"मग तो माणूस अडकेल. माझं काय?"

"तात्या, रिटर्न तुमचं. जबाब तुम्हालाच विचारणार. खोटं उघड झालं तर कर भरावा लागतो, वर व्याज. शिवाय चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्याने घेतलेला हिस्सा काही तो परत देत नाही."

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. असे लोक फॉर्मवर कधी कधी आपलाच मोबाइल क्रमांक घालतात. मग सरकारची नोटीस त्यांच्या फोनवर जाते. आपल्याला पत्ताच लागत नाही.

तात्यांनी काय केले?

तात्या तालुक्याला गेले. एका सनदी लेखापाल बाईंकडे बसले. पहिल्यांदा विचारले, "बाई, तुमचे पैसे किती?" बाईंनी १,२०० रुपये सांगितले. पावतीही देऊ म्हणाल्या. सात हजारांतून बाराशे जाणार होते. तात्यांनी मनाशी हिशेब केला आणि होकार दिला.

बाईंनी कागद पाहिले, प्रश्न विचारले, दुसरा फॉर्म भरला. मग म्हणाल्या, "झालं. मोबाइलवर आकडा येईल, तो सांगा."

तात्या म्हणाले, "थांबा बाई. आधी मला वाचू द्या."

बाईंनी कागद छापून दिला. तात्या वाचू लागले. बाकीची माणसे खोळंबली. तात्यांना संकोच वाटला, पण त्यांनी वाचन सोडले नाही. नाव बरोबर. खाते क्रमांक बरोबर. शेतीचा आकडा बरोबर. व्याज ७०,०००. इथे त्यांचे बोट थांबले.

"बाई, यात पतसंस्थेचं व्याज नाही. तिथे मला १२,००० मिळाले."

बाई म्हणाल्या, "तिथे कर कापला नाही, म्हणून मला दिसलं नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." त्यांनी आकडा दुरुस्त केला. व्याज झाले ८२,०००. तेवढ्यावर कर बसत नव्हता. सगळे ७,००० रुपये परत मिळायचे होते.

मग तात्यांनी मोबाइलवरचा आकडा सांगितला. तो आकडा म्हणजेच आजची सही.

तुम्ही काय कराल?

फक्त पगार किंवा निवृत्तिवेतन आणि थोडे व्याज असेल, तर स्वतः भरा. घरात वाचता येणारे कोणी असेल, तर त्याला शेजारी घ्या. फॉर्म आपल्याला लागू आहे का, ते आधी पाहा.

शेती आणि इतर मोठी कमाई दोन्ही असेल, जमीन किंवा प्लॉट विकला असेल, धंदा असेल, किंवा नोटीस आली असेल, तर जाणकाराकडे जा. तिथे वाचवलेले हजार रुपये पुढे महाग पडतात.

वाट कोणतीही धरा, पण या गोष्टी सोडू नका :

१. मेहनताना आधी ठरवा. परताव्यातला हिस्सा मागणाऱ्यापासून दूर राहा. परतावा तुमच्याच नावाच्या खात्यात येतो.

२. फॉर्मवर मोबाइल क्रमांक तुमचाच हवा.

३. सगळी कमाई सांगा. न सांगितलेली गोष्ट यंत्राला कळत नाही आणि जाणकारालाही कळत नाही.

४. वाचल्याशिवाय मोबाइलवरचा आकडा सांगू नका.

५. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करा. पडताळणी नाही, तर रिटर्न भरलेच नाही असे धरतात.

६. भरलेल्या रिटर्नची प्रत आणि पोच घरी जपून ठेवा.

आणखी एक सोपी गोष्ट. आपल्यावर कर बसणार नाही अशी खात्री असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसे लिहून देता येते. त्याचा ठरलेला फॉर्म असतो. बँकेत मागा. मग पैसे कापलेच जात नाहीत. तात्यांना हे उशिरा कळले. तुम्हाला आज कळले.

दिवाळीआधी तात्यांच्या खात्यात ७,००० रुपये जमा झाले. वर्गात त्यांनी पासबुक सर्वांना दाखवले. कोणीतरी म्हणाले, "तात्या, बाईंनी काम चोख केलं."

तात्या हसले. म्हणाले, "बाईंनी भरलं खरं. पण बारा हजार मी वाचून काढले."

प्रश्न

१. शेतकरी असूनही तात्यांचे पैसे का कापले गेले?

२. मुलाला चाललेला फॉर्म तात्यांना का चालला नाही?

३. बाईंना पतसंस्थेचे व्याज का दिसले नाही?

४. तुमच्या घरी पासबुक असेल तर काढा. वर्षभरात किती व्याज जमा झाले, ते वाचा आणि वहीत लिहा.