नियमभंगाची पूर्वसूचना देणारा आलेख

नियम मोडल्यावर पंचनामा करण्यापेक्षा तो कोठे मोडला जाण्याचा संभव आहे, हे आधी ओळखणे श्रेयस्कर होय. वाशिम जिल्ह्यातील काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी बेताचेच साठते. सार्वजनिक पेयजल-स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास 1993 च्या भूजल अधिनियमाने मनाई केली. पुढे 2009 चा अधिक व्यापक अधिनियम झाला.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. हे आकडे आलेखावर मांडावेत. ऑक्टोबरचा बिंदू मागील वर्षांच्या सरासरीहून बराच खाली असेल, तर उन्हाळ्यात संत्र्याची बाग जगविण्यासाठी नवी कूपनलिका घेण्याचा मोह होणारच. गावाच्या नकाशावर पेयजल-स्रोताभोवती 500 मीटरचे वर्तुळ काढून त्यातील बागा रंगवाव्यात. जेथे पातळी घसरली आहे आणि वर्तुळात बागाही आहेत, तेथे दिवाळीनंतर लगेच ग्रामसभेत हा नकाशा मांडावा.

मात्र आलेख संभव दाखवितो, अपराध नव्हे; त्यावरून कोणास दोषी धरू नये. नोटिशीआधी ठिबक सिंचनाचा सल्ला पोचला, तर बागही वाचेल आणि गावची विहीरही.