दानीएलाचे दहा दिवस
शाळेतील मुलांचा आहार व व्यायाम यांविषयी पाठ

वाचनाचे भाग : दानीएल १:३-२०; मार्क ५:३५-४३; गलती २:११-१४; १ तीमथ्य ४:७, ८.

मुख्य विचार : ज्याने मुलास बुद्धी दिली त्यानेच त्यास शरीर दिले आहे, यास्तव शरीराची निगा राखणे हीही त्याचीच सेवा होय.

मुलांस शाळेत घालावे हा आग्रह आमच्या मंडळ्यांत फार जुना आहे. पवित्र शास्त्र प्रत्येकास वाचता यावे म्हणून आमच्या वाडवडिलांनी झाडाखाली व चावडीत शाळा भरविल्या, आणि स्वतः अर्धपोटी राहून मुलांस पाटीपेन्सिल घेऊन दिली. तो आग्रह आजही आहे व तो राहिलाच पाहिजे. परंतु मूल शाळेत गेले की नाही हे जितक्या काळजीने आपण विचारितो, तितक्या काळजीने ते काय खाऊन गेले हे विचारीत नाही. सकाळी एक कप चहा व दोन बिस्किटे यांवर गेलेले मूल दहा वाजता जांभया देऊ लागते. पंतोजी त्यास आळशी म्हणतात, बाप मठ्ठ म्हणतो, आणि काही दिवसांनी ते मूलही स्वतःस तसेच समजू लागते. वास्तविक त्याची बुद्धी मंद नसते. त्याचे पोट रिकामे असते. एका लेकराविषयी असा खोटा निवाडा होणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

१. दानीएलाची विनंती

दानीएल व त्याचे तीन सोबती हे परक्या राजाच्या शाळेतील विद्यार्थी होते. तीन वर्षे शिकून त्यांस राजसेवेस उभे राहावयाचे होते. राजाच्या ताटातील पक्वान्ने व द्राक्षारस त्यांस नेमून दिला होता. पण त्याने आपणांस विटाळ होऊ नये असा दानीएलाने मनात निश्चय केला. त्याने मागितले ते केवळ शाकान्न व पाणी. येथे जो मूळ इब्री शब्द आहे त्याचा अर्थ बीजापासून उगवलेले, असा होतो. म्हणजे त्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला ही सर्व येऊ शकतात.

हा भाग शिकविताना उपदेशकबंधूंनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, मांस खाणे पाप आहे असा नियम येथे घालून दिलेला नाही. दानीएलाचा प्रश्न प्रामाणिकपणाचा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलेले तेज हा देवाचा प्रसाद होता. दुसरी ही की, त्याने तंटा केला नाही. आपल्या जिवाला धोका होईल असे खोजांच्या सरदाराने म्हणताच दानीएलाने त्याचे भय समजून घेतले, आणि कारभाऱ्यास नम्रपणे विनंती केली की, दहा दिवस प्रचीती पाहा, मग आमची तोंडे पाहून काय ते ठरवा. निश्चय दृढ, शब्द सौम्य, आणि परीक्षा सर्वांच्या डोळ्यांदेखत, अशी ही रीत आहे. गावच्या शाळेत ज्यांस काही सुधारणा करावयाची आहे त्यांनी हीच रीत धरावी.

२. राजाचे ताट आणि घरची भाकरी

आमच्या खेड्यांत राजाचे ताट नाही खरे. पण त्याच्या जागी दुसरेच ताट येऊन बसले आहे. शाळेच्या फाटकाशी टांगलेल्या रंगीत पुड्या, तळलेले खारट पदार्थ व साखरेचे रंगीत पाणी यांस मुले भुलतात. ज्याच्या डब्यात भाकरी असते तो झाकण अर्धेच उघडून खातो, आणि ज्याच्या हातात पुडी असते तो मिरवितो. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरांच्या आत फार स्निग्ध, फार गोड व फार खारट पदार्थ शाळकरी मुलांस विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. परंतु आई स्वतःच दहा रुपये हातावर ठेवील तर नियम काय करील?

ज्या भाकरीची लाज वाटते तिची योग्यता पाहा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्राम चुना असतो, आणि तो हाडे व दात यांस बळ देतो. सडलेल्या तांदळात तो त्याच्या वीसाव्या हिश्श्याइतकाही नसतो. बाजरीत लोह पुष्कळ आहे. भाकरीबरोबर मुगाची, मटकीची वा हुलग्याची उसळ असली म्हणजे शरीर बांधणारे जे द्रव्य धान्यात कमी पडते ते कडधान्य पुरविते, आणि जे कडधान्यात कमी असते ते धान्य पुरविते. मूठभर शेंगदाणे, एक अंडे, शेवग्याचा किंवा तांदुळजाचा पाला, एखादा पेरू अथवा लिंबाची फोड, यांपैकी जे घरी असेल ते जोडावे. लिंबू, आवळा व पेरू यांच्यामुळे अन्नातील लोह रक्तात अधिक उतरते; उलट जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते अडते. म्हणून भाकरीबरोबर चहा देण्याची चाल मोडावी. कडधान्यास मोड आणावेत. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरून मग धुऊ नये. आणि शिजविलेले पाणी ओतून देऊ नये.

हे आजीबाईचे बोलणे म्हणून कोणी टाकून देऊ नये. निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० नंतरच्या वर्षांत हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांस देऊन पाहिले. न सडलेल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ व ताजी भाजी यांवर वाढलेले उंदीर धष्टपुष्ट व निरोगी राहिले. मुख्यतः पांढऱ्या सडीक तांदळावर ठेविलेले, दूध व भाजी फारच थोडी मिळालेले उंदीर खुरटले व रोगांस बळी पडले. दोघांचीही पोटे भरत होती. पोट भरणे व शरीर पोसणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा त्यातील बोध होय.

३. शाळेतील पंगत

शाळेत मुलांस दुपारी जेऊ घालण्याचा विचार नवा नाही. मद्रास शहराच्या नगरपालिकेने १९२० च्या सुमारास आपल्या शाळांत तो आरंभिला. पुढे त्या प्रांतात कामराज यांनी १९५० नंतरच्या दशकात तो गावोगाव नेला. सबंध देशासाठी योजना निघाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि मुलांस शिजविलेले अन्नच द्यावे असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली केला. पाचवीपर्यंतच्या मुलास एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी; सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी, असे माप त्या योजनेत ठरविले आहे. आमच्या वाचकांनी हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. खिचडी पिवळी असली म्हणजे तीत डाळ आहेच असे नाही. हळदीनेही ती पिवळी होते.

तथापि पंगतीचा प्रश्न केवळ मापाचा नाही. अमक्या जातीच्या बाईने रांधले म्हणून मुलांस न जेविता घरी बोलाविणे, किंवा अमक्यांची मुले निराळी बसविणे, असे प्रकार देशात कोठे कोठे अजून घडतात. आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी हा विटाळ सोसला आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे, आणि काही माणसे येताच तो मागे सरला, तेव्हा पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष लाविला. एका पंगतीस बसणे ही सुवार्तेतील सत्याची गोष्ट आहे असे पौलाने मानिले. यास्तव ज्या गावी शाळेची पंगत मोडते, त्या गावच्या ख्रिस्ती आईबापांनी मुकाट राहू नये. आणि आपले मूल चार पैसे मिळताच दुसऱ्या गरीब मुलापासून दूर बसू लागले, तर प्रथम त्यालाच समजवावे.

४. याईराची मुलगी

प्रभूने याईराच्या बारा वर्षांच्या मुलीस उठविले, ती चालू लागली, सर्व लोक आश्चर्याने थक्क झाले. आणि त्या वेळी प्रभूने जी आज्ञा केली ती तिला खावयास द्या अशी होती. एवढा मोठा चमत्कार झाल्यावरही मुलीची भूक त्याच्या ध्यानातून गेली नाही. आपण मात्र बारा वर्षांच्या मुलीस भावाच्या मागून वाढतो, आणि तव्यावर उरेल ते तिचे म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात उणीव आढळली. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, वर्गात तिचे डोके दुखते, आणि पुढे बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो.

शाळेत मुलांस आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते, आणि जंतांचे औषधही ठराविक दिवशी मिळते. कित्येक घरी भीतीने ती गोळी फेकून देण्यास सांगतात. असे करू नये. रिकाम्या पोटी घेतल्याने कधी मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्यावी. जंत पोटात असता चांगले अन्नही मुलास पुरत नाही. यासाठी शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

५. खेळ व व्यायाम

शरीरसंबंधीची कसरत थोडक्याच बाबतीत उपयोगी आहे असे पौल तीमथ्यास लिहितो, आणि काही सज्जन याचा आधार घेऊन खेळ म्हणजे वेळेचा नाश असे ठरवितात. पण थोडा उपयोग म्हणजे निरुपयोग नव्हे. पौल भक्तीस वरचे आसन देतो, व्यायामास घराबाहेर काढीत नाही. शर्यतीत धावणारा व मुष्टियुद्ध करणारा यांचे दृष्टांत त्याने स्वतः करिंथकरांस दिले आहेत. ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षकांनीच बास्केटबॉल १८९१ साली व व्हॉलीबॉल १८९५ साली शोधून काढला, आणि १९२० साली त्याच संघाच्या एच. सी. बक यांनी मद्रासेत व्यायामशिक्षकांची शाळा काढिली. आमच्या महाराष्ट्रात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे आमची कबड्डी जगास दाखविली.

दुसरे कोणी म्हणतात, आमची मुले पाणी भरतात, शेण काढितात, त्यांस आणखी व्यायाम कशाला? जी मुले खरोखर इतके राबतात त्यांचे ओझे आधी हलके करावे. कामात एकच अंग शिणते व मन कंटाळते. खेळात सर्व अंग हलते व मन उमलते. शिवाय आता पुष्कळ मुले गाडीने शाळेत जातात आणि सायंकाळी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी घाम येईल इतकी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यास पैसे लागत नाहीत. खोखो, लंगडी, आट्यापाट्या, हुतुतू व दोरीवरच्या उड्या यांस मोकळी जागा पुरे. मुलगी वयात आली म्हणजे तिचा खेळ बंद करावा ही चाल सोडून द्यावी. तिच्याही हाडांस बळ हवेच आहे.

६. मंडळीने काय करावे?

नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली आपले काम आरंभिले. लोकांची पहिली गरज अन्न व पाणी आहे हे त्यांनी ओळखिले, आणि गावच्याच बायांस, त्यांतील अनेक निरक्षर असताही, मुलांचे वजन पाहण्यास व आईबापांस आहार समजाविण्यास शिकविले. १९७९ साली त्या दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले; पण खरे पारितोषिक गावोगावची जगलेली लेकरे होत. जे तेथील बायांनी केले ते आमच्या मंडळीतील बहिणींस का करिता येणार नाही?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत चारांपैकी तीन सभासद आईबाप असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. आमच्या माणसांनी तीत बसावे, मुलांबरोबर खिचडी चाखून पाहावी, शाळेस मैदान आहे की नाही ते विचारावे; आणि रांधणाऱ्या बाईस दोष देण्यापूर्वी तिला धान्य व मजुरी वेळेवर पोचते काय हेही पाहावे. बोलणे दानीएलासारखे असावे.

शेवटी, प्रत्येक कुटुंबाने येत्या सोमवारपासून दहा दिवस प्रचीती पाहावी. सकाळी मूल काही खाऊन निघेल. डब्यात भाकरी व उसळ जाईल. जेवणाबरोबर चहा राहणार नाही. मुलगा व मुलगी एकाच वेळी व सारखेच जेवतील. सायंकाळी एक तास दोघेही खेळतील. दहा दिवसांत रक्त भरून येत नाही, त्यास महिने लागतात. पण सवयीचा आरंभ दहा दिवसांत होतो, आणि दहा वाजताच्या जांभया कमी झाल्या की नाही हे पंतोजीस विचारता येते.

विचारार्थ प्रश्न

१. दानीएलाने कारभाऱ्याशी कसे बोलणे केले? आपल्या शाळेत आपण कोणाशी तसे बोलावे?
२. याईराच्या मुलीविषयी प्रभूने केलेली शेवटची आज्ञा आपल्या घरी पाळिली जाते काय?
३. आपल्या गावच्या शाळेत सर्व मुले एका पंगतीस बसतात काय? नसल्यास मंडळीने काय करावे?
४. या महिन्यात आपल्या शिवारात कोणता पालाभाजी व कोणते फळ स्वस्त मिळते?

प्रार्थनेचे विषय : उपाशी पोटी शाळेत येणारी मुले, शाळेत रांधणाऱ्या बहिणी, आणि गावची पंगत एक व्हावी म्हणून झटणारे सर्व लोक.