रेडीच्या आसपासची पाखरे व त्यांची नोंद

रेडी हे गाव वेंगुर्ले तालुक्याच्या अगदी दक्षिण टोकास आहे. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस खाडी व तिच्या पलीकडे शिरोडे, आणि दक्षिणेस तेरेखोलचा किल्ला, की जेथे गोव्याची हद्द लागते. एवढ्या थोड्या जागेत वाळूचा किनारा, खारफुटी, मिठागरे, भातशेती, माडांच्या बागा आणि जुने रान ही सारी एकमेकांस लागून आहेत. अशा ठिकाणी पाखरांचे प्रकार पुष्कळ असावयाचेच. पक्षी पाहण्यास दूरच्या अभयारण्यात गेले पाहिजे, अशी जी समजूत शिकलेल्या लोकांत दिसते, ती निदान ह्या भागातल्या माणसाने तरी बाळगू नये. ह्या लेखात आम्ही रेडीकरास सकाळच्या फेरीत करता येईल असा पक्षिनिरीक्षणाचा अभ्यास सांगणार आहोत. परंतु केवळ पाहण्यावर आमचा भर नाही. पाहिलेले लिहून ठेवावे, हे आमचे मुख्य सांगणे आहे, आणि ते का, हे पुढे वेंगुर्ल्याच्या खडकांच्या हकिकतीवरून ध्यानात येईल.

आरंभास योग्य काळ दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. ह्या दिवसांत येथील कायमच्या पाखरांत उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची भर पडते. ऋतुमानाप्रमाणे ये-जा करणाऱ्या पाखरांकडे यिर्मया संदेष्ट्याचेही लक्ष गेले होते, तेव्हा हा अभ्यास काही नवा नव्हे. महाराष्ट्र सरकारने 2020 सालापासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून ठरविला आहे. त्यातील पहिला दिवस पक्ष्यांची मराठी नावे आयुष्यभर गोळा करणारे मारुती चितमपल्ली ह्यांच्या जन्माचा, व शेवटचा डॉ. सालिम अली ह्यांच्या जन्माचा. दुर्बीण मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास अडत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि गप्प उभे राहण्याची सवय एवढ्यावर पहिले वर्ष सहज निभते. ह्यांपैकी तिसरी वस्तू मिळविणे सर्वांत कठीण, हे मुलांना घेऊन फिरणाऱ्या शिक्षकांस सांगावयास नको.

पहिली फेरी यशवंतगडाची करावी. 1819 साली हा किल्ला इंग्रजांनी घेतला. आज त्याच्या तटांत वडापिंपळांची मुळे शिरली आहेत. किल्ला पाहण्यास येणारे लोक ऊन चढल्यावर येतात. पाखरांसाठी मात्र उजाडण्यापूर्वी तेथे असावे. प्रथम कान वापरावेत. कुकुडकुंभ्याचा घुमणारा खोल आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्यामागून पुष्कळ प्रकारचे आवाज एकाच झाडातून आले तर भृंगराजाचा संशय घ्यावा. हा काळा पक्षी इतर पाखरांच्या बोलीची नक्कल करतो. शेपटीची दोन लांब पिसे टोकाशी पसरट असतात, त्यावरून तो उडताना ओळखता येतो. पिवळा हळद्या थंडीत दिसतो. उंबर किंवा वड पिकला असेल तर फिरत बसू नये. त्याच झाडापासून थोड्या अंतरावर तासभर उभे राहावे, म्हणजे रानातील निम्मी मंडळी आपण होऊन समोर येतात.

अशा पिकलेल्या झाडावर धनेश दिसला तर त्या दिवशी दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल. ह्यास कोकणात ककणेरही म्हणतात. काळापांढरा, मोठ्या चोचीचा, चोचीवर शिंगासारखा उंचवटा असलेला हा पक्षी उडताना पंखांचा आवाज दूरवर ऐकू येतो. त्याच्या विणीची रीत मोठी चमत्कारिक आहे. उन्हाळ्याच्या तोंडास मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचे तोंड विष्ठा, फळांचा गर वगैरेंनी लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट मात्र ठेवते. पुढे कित्येक आठवडे ती त्या कोठडीत अंडी उबवीत व पिलांजवळ बसून असते. तिला व पिलांना नर बाहेरून फळे आणून भरवितो. काजऱ्याची फळे, जी माणसास विषारी, तीही हा पक्षी खातो. नर मारला गेला तर सारे कुटुंब उपाशी मरण्याचा संभव असतो. म्हणजे गोळी एक, आणि जीव तीन-चार. शिवाय ढोली नव्या झाडास नसते. ज्या वृक्षास शे-दीडशे पावसाळे झाले त्यालाच ती मिळते, आणि जळाऊ म्हणून किंवा काजूच्या बागेसाठी जागा मोकळी करताना असाच ‘पोकळ, निरुपयोगी’ वृक्ष आधी पाडला जातो. देवाच्या नावाने राखलेल्या रायांत असे वृक्ष उरले आहेत, म्हणून तेथे धनेशही उरला आहे. गावात ढोलीचे झाड कोठे आहे, ढोली कोणत्या महिन्यात लिंपली गेली, केव्हा उघडली, एवढे जरी कोणी वर्षानुवर्षे लिहिले तरी ते मोठे काम होईल. मात्र झाडाचा ठिकाणा चारचौघांत सांगू नये, व ढोलीजवळ मुळीच जाऊ नये.

दुसरी फेरी खाडीची व शिरोड्याच्या मिठागरांची. 1930 सालच्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ही मिठागरे देशभर माहीत झाली. पाखरांस ती त्याच्याही आधीपासून माहीत असावीत. येथे घड्याळापेक्षा तिथी पाहून निघावे. ओहोटीच्या वेळी पाखरे चिखलात दूर पसरलेली असतात व मोजता येत नाहीत. भरती चढू लागली की चिखल झाकला जातो, आणि तीच पाखरे मिठागरांच्या बांधांवर दाटीने येऊन बसतात. तिथीला पाऊणाने गुणून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब गाबीत लोकांस चांगला ठाऊक असतो. एकादशीस त्या हिशेबाने पूर्ण भरती सव्वाआठच्या सुमारास येते. स्थलपरत्वे ती थोडी पुढेमागे होते. ती सकाळ मोजणीस सोयीची. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे.

लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, शेपूट सतत खालीवर हलविणारा तुतवार, आणि थोडे धावून एकदम थांबणारा लहान चिखल्या, हे तीन प्रथम ओळखावेत. ह्या चिखल्यांपैकी एक जात तिबेटच्या पठारावर व लडाखात अंडी घालते आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढते. ज्या मूठभर पाखरास आपण बांधावर पाहतो, ते हिमालय ओलांडून आलेले असते. एखाद्याच्या पायात वाळा किंवा रंगीत पट्टी दिसल्यास तिचा रंग व तिजवरील अक्षरे लिहून घ्यावीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जी 1883 साली स्थापन झाली, असे वाळे घालण्याचे काम 1927 पासून चालविले आहे, आणि वाचलेला एकेक वाळा प्रवासाचा मार्ग दाखवितो.

आता गोड्या पाण्याविषयी. जिल्ह्यातील तलावांत पाहण्याजोगा म्हणजे मालवण तालुक्यातील धामापूरचा. तो 1530 साली बांधला गेला असे सांगतात, आणि 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन मंडळाने त्याची गणना जागतिक वारशाच्या सिंचनकामांत केली. भोवती दाट झाडी, मध्ये स्वच्छ पाणी. अशा तळ्यावर टिबुकली, पाणकावळा, पानांवरून चालणारा कमळपक्षी, शीळ घालीत उडणारी अडई ही पाहावीत. एक दिवसाची सहल त्यासाठी काढण्यासारखी आहे. रेडीस लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचले की त्यावरही पाणकावळे येऊन बसतात. तेवढ्यावरून रान गेल्याची भरपाई झाली असे कोणी म्हणेल. आम्हास ते पटत नाही. पाणपक्ष्यास पाणी कोठेही चालते, परंतु धनेशास डोंगर व त्यावरील जुना वृक्ष परत मिळत नाही. खड्ड्यांचे काठ ढासळणारे असतात, म्हणून मुलांस तेथे नेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून काही कोस आत समुद्रात खडकांची बेटे आहेत. एकावर दीपगृह आहे. पुढे ज्यांचे नाव राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून गाजले ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम 1875 च्या फेब्रुवारीत ह्या खडकांवर आले होते. त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ ह्या मासिकात त्या प्रवासाचे वर्णन छापले आहे, आणि 1880 साली मुलकी खात्यातील व्हायडल ह्यांनी त्यातच दक्षिण कोकणातील पाखरांची पहिली यादी दिली. पुढे हुमायून अब्दुलअली ह्यांनी 1940 व 1942 साली ह्या खडकांवरील सुरय व पाकोळ्या ह्यांविषयी लेख लिहिले. येथील एका काळोख्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. ही चिमुकली पाखरे अंधारात टकटक असा आवाज करीत, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढीत उडतात, आणि आपल्या लाळेने घरटे दगडास चिकटवितात. त्या लाळेच्या घरट्याचे सार चीन देशात फार किमतीचे मानले जाते. म्हणून चोरटे येतात, अंड्यांसकट घरटी खरवडून नेतात. 2001 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने ही लूट उघडकीस आणली व वनखात्याच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, गुहेत पाखरे पिढ्यान्‌पिढ्या वीण करीत आली आहेत हे सांगण्यास सव्वाशे वर्षांचा लेखी पुरावा तयार होता. तो नसता तर रिकाम्या भिंतीकडे पाहून येथे कधी काही होते असे कोण म्हणाला असता? रेडीच्या रानाविषयी असा पुरावा कोठे आहे? म्हाताऱ्या माणसांस विचारा. अमुक ठिकाणी रानकोंबडे फार असत, तमुक वडावर ककणेर उतरत, असे ते सांगतात. ते खोटे नसते. परंतु ‘फार’ म्हणजे किती व ‘असत’ म्हणजे केव्हा, हे त्यांच्याबरोबरच जाते.

नोंद करण्याची रीत सोपी आहे. दर पंधरवड्यास त्याच वाटेने, त्याच सुमारास, तितकाच वेळ जावे. नाहीतर दोन नोंदींची तुलना होत नाही. तारीख, तिथी, वेळ, आभाळ, पाखराचे नाव, संख्या, आणि ते काय करीत होते, एवढे लिहावे. पाखरू ओळखता आले नाही तर चोच, पाय व शेपटी ह्यांचे वर्णन करावे. अंदाजाने नाव देऊ नये. काहीच दिसले नाही तर तसे लिहावे, तीही नोंदच आहे. मालवणी नाव आधी लिहावे आणि पुस्तकातील नाव त्यापुढे. ज्यांच्याजवळ सोयीचा फोन आहे त्यांनी हीच माहिती ‘ई-बर्ड’ नावाच्या जगभरच्या वहीतही घालावी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 2002 साली ती सुरू केली, व तीत खेड्यातील मुलाची नोंद मोठ्या शास्त्रज्ञाच्या नोंदीशेजारीच बसते. अंडी गोळा करणे, घरट्याचे फोटो काढण्यासाठी फांद्या मोडणे, हे कटाक्षाने टाळावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांची शिकार करणे व त्यांची अंडी घेणे गुन्हा आहे.

कागदाची वही गावातील शाळेत ठेवावी, तिच्या पहिल्या पानावर वाटेचा नकाशा काढावा, आणि शिक्षकाची बदली झाली तर ती त्याने बरोबर न नेता पुढील शिक्षकाच्या हाती द्यावी.