तपास कुठे थांबवावा?

प्रश्न : आम्ही चौघे ‘शेरलॉक होम्स : कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा बैठा खेळ खेळतो. एक प्रकरण काही केल्या सुटत नाही. नाद सोडावा का?

उत्तर : १९८५ साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळवणाऱ्या या खेळात वेळेचं बंधन नाही, कधी थांबायचं ते तुम्हीच ठरवायचं. होम्सपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक भेटीमागे पाच गुण कापले जातात, म्हणून लंडनभर उगाच भटकणं महागात पडतं. सलग तीन भेटींत नवं नाव किंवा नवा धागा मिळाला नाही, तर थांबा. खेळातलं, प्रकरणाच्या दिवसाचं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट पुन्हा वाचा, जुने अंकही चाळा. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या सर जॅस्पर मीक्स यांच्याकडून मृत्यूचं कारण कळलं का, हेही तपासा. मग कोणी, का आणि कसं, याची उत्तरं लिहून काढा. दोन उत्तरं पुराव्यानिशी देता येत असतील, तर बेलाशक प्रश्नांचं पान उघडा. एकही येत नसेल, तर टिपणं जपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बसा. उकल मात्र घाईने वाचू नका. ती एकदा वाचली की ते प्रकरण तुमच्यासाठी कायमचं संपलं.